को.

अठ्ठावीस वर्षं मी विहिरीत फीत सोडली.
जिंतूर तालुक्यातल्या सत्तेचाळीस विहिरी,
वर्षातून चार फेऱ्या,
आधी सायकलवर, मग लुनावर.
टोक पाण्याला लागलं की हाताला कळतं,
डोळ्याच्या आधी.
रजिस्टरात आकडा, पुढं सही.

आता साहेब म्हणाले, गरड, हे सगळं नकाशावर पाहिजे.
आणि मोमीनांच्या अंजुमला माझ्या टेबलाशी बसवलं,
तीन महिन्यांच्या कंत्राटावर.
काका, पायथन शिका, सोपं आहे.
घरी सांगितलं तर बायको म्हणली,
ह्या वयात साप कशाला धरता.

पहिल्या दिवशी कळलं ते एवढंच:
ओळ आत सरकवायची तर चार घरं,
तीन नाही, पाच नाही.
हे मला पटलं.
वाकडं तास बांधावरून जाणाऱ्यालाही दिसतं.
दुसऱ्या दिवशी फॉर.
फॉर म्हणजे एकेका विहिरीपाशी जायचं
आणि सगळीकडं तेच काम करायचं.
म्हणलो, पोरी, मग मी इतके दिवस काय करत होतो?

पहिला नकाशा काढला
तर सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस विहिरी
उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात.
बर्फाच्या पाण्यात चारठाण्याची पायऱ्यांची विहीर,
तिला लागून खंडू कोकाट्याची, बैल पडला होता ती.
अंजुम हसून हसून टेबलावर आडवी.
अक्षांश-रेखांश उलटे गेले होते,
एकोणीसच्या जागी शहात्तर.
तिनं लगेच दुरुस्त केलं असतं,
मी म्हणलो, थांब जरा.
एवढं पाणी त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

मग एरर. ओळ तीनशे बारा.
"को" चा आकडा होत नाही.

को म्हणजे कोरडी.
मे महिन्यात फितीचं वजन दगडावर वाजायचं, टण्ण,
आणि मी लिहायचो, को.
अंजुम म्हणली, रिकामं सोडू,
माहिती नाही असं धरेल ते.
माहिती नाही कसं?
मी वाकून बघितलंय.
तळाला कबुतराची पिसं होती, एक चप्पल होती,
लेडीज, डाव्या पायाची.
मग शून्य टाकू?
शून्य म्हणजे पाणी काठाला आलेलं, अंजुम.
सगळा तालुका निळा होईल तुझ्या नकाशात.

चहा आला, गार झाला.
शेवटी तिनं एक नवा रकाना केला
आणि नाव मला टाइप करायला लावलं.
कोरडी: होय, नाही.
मशीननं होय मोजून दिले,
तीनशे एक्क्याऐंशी.
मी कधी बेरीज केली नव्हती.
दर वेळी एकच विहीर असायची समोर.

काल लाईट जाऊन आली,
हापिसात मी एकटाच.
खाली उपग्रहाचं चित्र, वर माझे ठिपके.
सटवाईच्या माळावरच्या विहिरीचा ठिपका
विहिरीवर नव्हताच,
साठ फूट अलीकडं, तुरीत.
कोड तीनदा तपासला. कोड बरोबर.
मग आठवलं.
जीपीएस नवीन आलं ते साल, दुपारचा एक,
यंत्र तापून बंद पडायचं,
म्हणून लिंबाखाली उभं राहून आकडा घेतला होता.
चित्रात तिथं लिंब नाही.
बुंध्याचं आळं तेवढं दिसतं, किंवा मला दिसतं.

ठिपका नेऊन ठेवला विहिरीवर.
आणि त्या ओळीच्या डोक्यावर
अंजुमनं दाखवलेली ती आडवी-उभी जाळी काढून लिहिलं:

# इथं लिंब होता. सावलीला उभा होतो.

त्या जाळीपुढचं मशीन वाचत नाही.